गृहखरेदी-अभिकर्ता प्रशिक्षण
घर विकत घेणाऱ्याच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्या दलालाचे व्यावसायिक शिक्षण. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या आरंभीच परवान्याचे कायदे झाले. तथापि घरे दाखविणारा दलाल दीर्घकाळ कायद्याने बहुधा विक्रेत्याचाच उप-अभिकर्ता असे. खरेदीदार त्याला आपला समजून आपली कमाल किंमत सांगून टाकी आणि ती विक्रेत्यास कळविणे दलालाचे कर्तव्यच ठरे. फेडरल ट्रेड कमिशनच्या १९८३ च्या अहवालाने हा व्यापक गैरसमज उघड केला. १९८८ मध्ये खरेदीदारांच्या अभिकर्त्यांची स्वतंत्र परिषद स्थापन झाली. तिच्या अभ्यासक्रमात निष्ठा व गोपनीयता यांवर भर असतो. मोबदला मात्र बहुधा विक्रेत्याच्या दलालामार्फतच मिळत राहिल्याने या शिकवणुकीस व्यवहारात मर्यादा पडल्या. ऑगस्ट २०२४ पासून राष्ट्रीय दलाल-संघटनेच्या नियमांनुसार घर दाखविण्यापूर्वी खरेदीदाराशी मोबदल्याचा लेखी करार आवश्यक झाला.