बाजरीचा गोसावी आणि रोपातली खूण



बाजरीच्या कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांच्या जटा दिसल्या की आपण म्हणतो, गोसावी आला. कोणी केवडा म्हणतात. नाव जुन्या मंडळींनी मोठं नेमकं ठेवलं आहे.

1965 साली लुधियानाहून संकरित बाजरीचे पहिले वाण आले, एचबी 1. त्याची मादी अमेरिकेतील टिफ्टन येथे तयार झालेली. उत्पन्न वाढले. पण त्यानंतरच्या वाणांनाही तीच मादी वापरली गेली. आई एकच, म्हणून दुबळेपणाही एकच! 1970 नंतरच्या काही वर्षांत गोसावीने ही बाजरी ठिकठिकाणी बुडवली.

1990 साली हिस्सारच्या कृषी विद्यापीठाने एचएचबी 67 दिले. सुमारे 65 दिवसांत निघणारे! हरियाणा-राजस्थानच्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी ते उचलून धरले. पुढे त्यावरही गोसावी दिसू लागला.

आता तुम्ही म्हणाल, रोग न येणारी झाडे निवडून घ्यायची, त्यात काय अवघड? अवघड असे की ही ताकद एका जनुकाची नसते, अनेक जनुके थोडा थोडा हातभार लावतात. शिवाय ज्या वर्षी रोगच आला नाही, त्या वर्षी सगळीच झाडे धट्टीकट्टी दिसतात.

इथे मार्कर कामी आले. मार्कर म्हणजे रोपाच्या डीएनएमधली खूण. हद्दीचा दगड पीक देत नाही, पण जमीन कोणती ते दाखवतो, तशीच ही. इक्रिसॅट, हिस्सार आणि ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी प्रतिकारशक्तीजवळच्या खुणा शोधल्या. मग एचएचबी 67 च्या नराचा रोगाला दाद न देणाऱ्या बाजरीशी संकर केला आणि पिढ्यानपिढ्या पुन्हा मूळ नराशीच मिळवला. दर पिढीत कोवळ्या रोपाचे पान तपासायचे. खूण असेल तेच रोप पुढे. मादी मात्र नेहमीच्याच पद्धतीने सुधारली; डोळ्यांनी निवड करणे काही संपलेले नाही.

2005 साली सुधारित एचएचबी 67 प्रसारित झाले. मार्करच्या मदतीने सुधारलेले, सार्वजनिक संस्थांनी दिलेले भारतातील हे पहिले संकरित वाण. यात दुसऱ्या जातीचे जनुक घातलेले नाही, बाजरीचेच बाजरीत आणले आहे.

पण बुरशीही बदलत राहते. वाण कोणतेही असो, पेरणीपूर्वी मेटॅलॅक्झिल 35 एसडी किलोला 6 ग्रॅम चोळा, आणि पिवळट पडलेली, पानाखाली पांढरी भुकटी धरलेली रोपे दिसताच उपटून जाळा.