हंसराज

हंसराज (शास्त्रीय नाव: अडिअँटम फिलिपेन्स) ही टेरिडेसी कुलातील नेचेवर्गीय वनस्पती आहे. ती आशिया व आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशांत आढळते. महाराष्ट्रात पावसाळ्यात सह्याद्रीतील सावलीचे कडे, ओढ्यांचे काठ आणि विहिरींच्या ओलसर भिंती यांवर ती उगवते.

वर्णन

मूलक्षोड आखूड, देठ काळा व चकचकीत आणि पर्णिका पातळ, अर्धचंद्राकृती असतात. पर्णिकेच्या दुमडलेल्या कडेखाली बीजाणुधानी असतात. पानांवर पाणी ठरत नाही. ‘अडिअँटम’ या ग्रीक मूळ असलेल्या नावाचा अर्थ ‘न भिजणारे’ असा आहे.

प्रजनन

या वनस्पतीला फुले व बिया येत नाहीत. बीजाणूपासून लहान, हृदयाकृती गंतुकधारी तयार होतो. त्यावरील पुं-गंतुके पाण्याच्या पातळ थरातून पोहत अंडपेशीपर्यंत पोहोचतात. त्यामुळे पाने भिजत नसली, तरी फलनासाठी पाणी अनिवार्य असते. पानाचे लांबट टोक जमिनीला टेकले, की तेथे मुळे फुटून नवे रोपही तयार होते. पावसाळ्यानंतर पाने सुकतात. मूलक्षोड मात्र टिकून राहते.

लागवड

कुंडीत वाढविण्यासाठी सावली, दमट हवा आणि पाण्याचा निचरा होणारी माती आवश्यक असते. पाणी साचल्यास मूलक्षोड कुजते.

चित्रण

हेंड्रिक व्हान ऱ्हीड यांच्या ‘होर्तुस मलबारिकुस’ (१६७८–१६९३) या १२ खंडांच्या सचित्र ग्रंथाच्या अखेरच्या खंडात हिचे चित्र ‘अवेंका’ या नावाने आहे. या ग्रंथासाठी रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोकणी वैद्यांनी साहाय्य केले. त्यांचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात देवनागरीत छापलेले आहे. कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये या जातीला सध्याचे शास्त्रीय नाव दिले.