तळटीप १२: ‘रक्षक’
१२. रक्षक: जहाजाच्या बुडाला मढवलेला तांब्याचा पत्रा खाऱ्या पाण्यात झिजू नये म्हणून त्याला जोडलेले लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे. ते स्वतः झिजत आणि तांबे वाचवत. आज यालाच कॅथोडिक संरक्षण म्हणतात. हम्फ्री डेव्ही (१७७८–१८२९) यांनी ही पद्धत १८२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली आणि ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवर तिची चाचणी झाली. मूळ मजकुरात तिला ‘फसलेला प्रयोग’ म्हटले आहे, ते अर्धेच खरे. तांबे खरोखर टिकले. मात्र विरघळणाऱ्या तांब्याच्या विषामुळेच तोवर दूर राहिलेले शिंपले-शेवाळ आता बुडावर साचले आणि जहाजे मंदावली. नौदलाने रक्षक काढून टाकले, यावरून तत्त्वच चुकीचे होते असे कोणी म्हणेल. पण चाचणीने तत्त्व सिद्धच केले होते. अडचण आली ती तांब्याच्या दुसऱ्या कामात. जमिनीतल्या पोलादी नळाला असे दुसरे काम नसते. म्हणूनच रॉबर्ट कुन यांनी १९२८ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या गॅसवाहिनीवर हेच तत्त्व यशस्वी केले. तांबे-मोरचूद विद्युतअग्राच्या तुलनेत उणे ०.८५ व्होल्ट हे त्यांचे प्रमाण अशा नळांच्या तपासणीत आजही वापरले जाते.