जपानी अक्षरे आणि बुद्धवचनांचा उच्चार

बौद्ध धम्म जपानला पोचला तो सहाव्या शतकात, कोरियातील पेकचे राज्यामार्फत. त्या काळी जपानी माणसांना स्वतःची लिपी नव्हती. सूत्रग्रंथ आले ते चिनी अक्षरांत लिहिलेले. आपल्या अक्षराला फक्त आवाज असतो. ‘क’ला काही अर्थ नाही. चिनी अक्षराला आवाजही असतो आणि अर्थही असतो. जपानी लोकांनी ही अक्षरे घेतली आणि एकाच अक्षराला दोन तऱ्हेचे वाचन दिले. ‘डोंगर’ या अर्थाचे अक्षर एकटे आले की ते आपल्या भाषेत ‘यामा’ असे वाचतात. फुजी डोंगराच्या नावात तेच अक्षर ‘सान’ असे वाचतात. हा ‘सान’ चिनी उच्चारावरून आलेला. म्हणून तो डोंगर ‘फुजीसान’. अक्षर तेच, पण कोणता आवाज काढायचा हे जागा पाहून ठरते.

आता बुद्धवचनांचे काय झाले ते पाहू. भारतातून चीनमध्ये गेलेल्या ग्रंथांचे भाषांतर करताना काही शब्दांचा अर्थ न लिहिता नुसता आवाजच चिनी अक्षरांत उतरवला गेला. ‘पञ्ञा’ हा आपल्या नित्य पाठातला शब्द. जपानी सूत्रपाठात तो ‘हान्न्या’ होऊन येतो. तो ज्या दोन अक्षरांत लिहितात त्यांचा एरवीचा अर्थ लावू गेलात, तर एकाचा ‘प्रकार’ आणि दुसऱ्याचा ‘तरुण’ असे काहीतरी निघते. त्यातून प्रज्ञेचा पत्ता लागत नाही. तिथे अर्थ बाजूला ठेवून कानानेच वाचावे लागते. आणि ‘प’चा ‘ह’ कसा झाला? जुन्या जपानीतला ‘प’ पुढे ‘फ’ आणि मग ‘ह’ झाला. म्हणूनच ‘पारमिता’ची ‘हारामिता’ झाली.

असे का केले, याचे उत्तर ह्युएनत्संग यांच्या नावावर सांगितले जाते. सातव्या शतकात पुलकेशी राजाच्या काळी आपल्या महाराष्ट्रात येऊन गेलेले तेच हे भिक्खू. जे शब्द भाषांतरित करू नयेत, त्यांचे त्यांनी पाच प्रकार सांगितले. ज्या शब्दाला अनेक अर्थ आहेत, जी वस्तू चीनमध्ये नाहीच (उदाहरणार्थ जांभळाचे झाड), आणि ज्या शब्दाचे मोल भाषांतरात कमी होते, असे शब्द त्यांत येतात. प्रज्ञा म्हणजे ‘शहाणपण’ असे लिहिले तर तिचे वजन उतरते, म्हणून तिचा आवाजच ठेवावा.

या आवाजाच्या वाटेने किती शब्द जपानला गेले पाहा. भिक्खू ‘बिकू’ झाला, निर्वाण ‘नेहान’ झाले, स्तूप ‘सोतोबा’ झाला, ध्यान ‘झेन’ झाले. राजदरबाराने आठव्या शतकाच्या अखेरीस नवे चिनी उच्चार शिकण्याचा आग्रह धरला. पण भिक्खूंनी सूत्रपाठात जुने उच्चार सोडले नाहीत. त्यामुळे एकच अक्षर साधनेच्या शब्दात, म्हणजे ‘शुग्यो’त, ‘ग्यो’ वाचले जाते आणि बँकेच्या शब्दात, म्हणजे ‘गिंको’त, ‘को’. आजही हा फरक कायम आहे.

लिपी सोपी करण्यातही भिक्खूंचा वाटा मोठा. कठीण चिनी सूत्र वाचताना कुठे कोणता आवाज, हे ओळींच्या मधे लिहायला जागा पुरेना. मग नवव्या शतकात त्यांनी चिनी अक्षराचा एक तुकडाच आवाजाची खूण म्हणून वापरला. तीच ‘कातकाना’ लिपी. दुसरी ‘हिरागाना’. चिनी विद्या बहुधा पुरुषांकडे होती, तेव्हा स्त्रियांनी या आवाजाच्या लिपीत लिहिले. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबू या बाईंनी ‘गेंजी’ची कथा लिहिली ती याच लिपीत.

या अक्षरांचा क्रम तर आपल्या घरातला वाटावा असा आहे. जपानी मूल म्हणते अ, इ, उ, ए, ओ. आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व. आपली अंकलिपी शेजारी ठेवून पाहा. सूत्रांसाठी संस्कृतची ‘सिद्धम्’ लिपी शिकलेल्या भिक्खूंनी हा क्रम लावला. ती लिपी भिक्खू कुकाई यांनी ८०६ साली चीनमधून परतताना आणली. आजही जपानी स्मशानातल्या ‘सोतोबा’ नावाच्या लाकडी फळ्यांवर ती अक्षरे दिसतात.

पण एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आवाज टिकतो, अर्थ मात्र हातातून निसटतो. ‘दान’ हा शब्द जपानात ‘दान्ना’ झाला. आधी दान देणारा उपासक, मग मालक, आणि आज बायका आपल्या नवऱ्याला ‘दान्ना’ म्हणतात. दानाचे स्मरण कुणाला राहिले? विहारातले सूत्रही आवाजानेच वाचले जाते, आणि ऐकणाऱ्या पुष्कळांना ते कळत नाही. कित्येक विहार म्हणूनच आज जपानी अर्थ सोबत देतात.

आपल्याकडे हा प्रश्न नाही असे म्हणू नये. पालीला स्वतःची अशी लिपी नाही; सिंहली, थाई, देवनागरी अशा कुठल्याही लिपीत ती उतरते आणि आवाजावरच जगते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांनी त्रिशरण आणि पंचशील पालीत घेतले, आणि बावीस प्रतिज्ञा मराठीत दिल्या, समोरच्या माणसाला कळाव्यात अशा. पालीचे व्याकरण आणि शब्दकोशही त्यांनी तयार केले, ते कशासाठी? आवाज जपायचा आणि अर्थही सांगायचा, यासाठीच.

म्हणून आपल्या विहारात मुले गाथा पाठ म्हणतात तेव्हा त्यांचे कौतुक करावे, आणि लगेच विचारावे, ‘बाळा, याचा अर्थ काय?’ मुलाला येत नसेल तर थोरांनी सांगावा. थोरांनाही येत नसेल, तर सगळ्यांनी मिळून शिकावा.