दृष्टिहीनांचे उच्च शिक्षण : ब्रेलपासून बोलक्या संगणकापर्यंत

ज्ञानाला डोळे लागत नाहीत, परंतु छापील पुस्तकाला लागतात. दृष्टिहीनांच्या उच्च शिक्षणाचा इतिहास म्हणजे ही अडचण दूर करण्याचा इतिहास होय.

अमेरिकन मराठी मिशनच्या कुमारी मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत अंधशाळा स्थापन केली. तीच आजची दादरची कमला मेहता अंधशाळा. ब्रेल लिपीमुळे शालेय शिक्षण सुकर झाले. मात्र महाविद्यालयातील जाडजूड ग्रंथ ब्रेलमध्ये क्वचितच मिळत. कोणी वाचून दाखवील किंवा कॅसेटवर ध्वनिमुद्रित करून देईल, तेवढाच अभ्यास होई.

ही स्थिती संगणकाने पालटली. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी 'जॉज' ही प्रणाली १९९५ साली विंडोजवर आली. परंतु ती महागडी होती. २००६ साली ऑस्ट्रेलियातील एका दृष्टिहीन तरुणाने आरंभिलेली 'एनव्हीडीए' विनामूल्य मिळू लागली. दरम्यान २००३ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठी स्वतंत्र साधन केंद्र सुरू झाले.

याच महाविद्यालयातून पदवीधर झालेल्या प्रांजल पाटील आपल्या उल्हासनगरच्या. सहाव्या वर्षी दृष्टी गेल्यावर त्या दादरच्या त्याच अंधशाळेत शिकल्या. बारावी त्यांनी उल्हासनगरच्या चांदीबाई महाविद्यालयातून केली. बोलक्या संगणकाच्या साहाय्याने त्यांनी केंद्रीय लोकसेवा परीक्षेचा अभ्यास केला. पहिल्या यशानंतर पूर्ण अंधत्वाचे कारण देऊन त्यांना रेल्वे लेखा सेवेत घेण्यास नकार मिळाला. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली आणि २०१६ च्या परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या. यंत्राने पुस्तकाचे दार उघडले होते. माणसांच्या मनाचे दार मात्र त्यांना स्वतःच उघडावे लागले.

कायद्यानेही पाऊल पुढे टाकले. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांना वाचता येईल अशा स्वरूपात ग्रंथ रूपांतरित करण्यास लेखाधिकार कायद्यात सवलत मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव झाल्या.

तरीही एक उणीव उरते. मराठी मजकूर जुन्या फाँटमध्ये टंकलिखित असेल, तर बोलका संगणक निरर्थक अक्षरे उच्चारतो. पानाचे नुसते छायाचित्र असेल, तर तो बहुधा मुकाच राहतो. युनिकोडमधील मजकूर तो सहज वाचतो. अंबरनाथ-बदलापूर-उल्हासनगर परिसरातील संस्थांनी, शिक्षकांनी व मुद्रकांनी टिपणे, पुस्तिका आणि स्मरणिका युनिकोडमध्ये जतन केल्यास फारसा खर्च न येता एखाद्या विद्यार्थ्याचे परावलंबन संपेल. समाजाला सहज देता येण्याजोगे हे विद्यादान होय.