जवाची वाइन, मोहाची धार आणि १९५६ ची रेघ

मागच्या महिन्यात पुण्याला भाच्याकडे गेलो होतो. संध्याकाळी म्हणाला, "मामा, चला, आज तुम्हाला वेगळी बिअर पाजतो."

आपण परतवाड्याचे. बिअर म्हणजे मे महिन्यात थंडगार, पाण्यासारखी फिकी, एवढीच आपली ओळख. इथं मात्र पोरानं एका बुटक्या ग्लासात तांबूस-तपकिरी काहीतरी आणून ठेवलं. नाव 'बार्ली वाइन'. म्हटलं, वाइन आहे की बिअर? तर आहे बिअरच. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून भाजायचे आणि त्याचा काढा आंबवायचा. फक्त धान्य इतकं जास्त घालायचं की कडकपणा वाइनच्या बरोबरीला जातो. साधी बिअर चार-पाच टक्के, ही आठ ते बारा.

पहिला घोट काकवीसारखा गोड. मग भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्याची चव. मग नाकात आला तो वास मी पुण्यात अपेक्षिलाच नव्हता. वरुडचं संत्रं सोलताना साल दाबली की जो फवारा उडतो, थेट तो. हा वास हॉप्सचा. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, बिअरला कडूपणा देणारी. गिळून झाल्यावर तो कडूपणा मागून येतो, काडेचिराईतासारखा, आणि जिभेवर ठाण मांडून बसतो. छातीत ऊब.

"कशी आहे मामा?"

"बाप्पा! ही तर आपल्या मोहाची चुलत बहीण हाय!"

पोरगा हसला. पण मी गमतीनं बोललो नव्हतो. मोहाची पहिल्या धारेची ज्यानं चाखली आहे त्याला कळेल. तिथंही फूलच, तिथंही आधी गोडसर जड वास, मागून धूर, आणि मग घशातून उतरत जाणारी ऊब. फरक एवढाच की हॉप्सचं फूल कडूपणा देतं आणि मोहाचं फूल साखर.

आणखी एक फरक आहे. तो चवीचा नाही, कायद्याचा आहे. पुण्यातल्या त्या भांड्याला सरकारचा परवाना आहे. मेळघाटातल्या मडक्यावर धाड पडते. हे असं का झालं, याचा इतिहास आपल्याच वऱ्हाडातून जातो, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

१८५३ साली निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. कापूस तर इंग्रजांना हवाच होता, पण जंगल आणि आबकारीही त्यांच्या हाती आली. आबकारीचा हिशेब सरळ होता. जंगलात प्रत्येक पाड्यावर चूल पेटत असेल तर कर मोजायचा कसा? म्हणून आधी गाळण्याचे हक्क लिलावात काढले आणि पुढे हळूहळू दारू एका मोठ्या, पहारा असलेल्या भट्टीत आणून गॅलनवर कर बसवला. लहान भट्टी गुन्हा ठरली ती अशी. तिथली दारू वाईट होती म्हणून नव्हे. ती मोजता येत नव्हती म्हणून.

मुंबई इलाख्यानं तर १८९२ मध्ये खास मोहाचा कायदा केला. ठाणे-कुलाब्याच्या पट्ट्यात मोहाची फुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावरच बंधनं आली. दारू गाळण्याआधीच फूल आरोपी! वऱ्हाड तेव्हा मुंबईत नव्हता, म्हणून त्या कायद्यातून वाचला.

मोह हे नुसतं दारूचं झाड नाही. मार्च-एप्रिलच्या पहाटे टपटप पडणारी फुलं बायापोरं टोपल्यांत वेचतात, वाळवून ठेवतात, शिजवून खातात. १८९९-१९०० च्या दुष्काळानं वऱ्हाडाला झोडपलं. धान्य संपलं की जंगलातली माणसं मोहावरच दिवस काढत आली आहेत. अशा फुलावर बंधन घालणं म्हणजे गरिबाच्या कणगीला कुलूप घालणं.

१९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९१५ मध्ये तिथला अबकारी कायदा आला. हे साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मग काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. गांधीजींच्या विचारानं १९३८ मध्ये प्रांतातल्या काही भागांत दारूबंदी झाली. त्यात आपल्या अकोला जिल्ह्यातला अकोट तालुका आणि अमरावतीजवळचं गिरण्यांचं बडनेरा होतं. म्हणजे दारूबंदी वऱ्हाडाला नवी नाही. आपण तिचे पहिल्या पिढीतले विद्यार्थी आहोत.

आता खरी गोष्ट. १ नोव्हेंबर १९५६. राज्य पुनर्रचना झाली, वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आला. नकाशावर जी रेघ ओढली गेली ती कोरकू लोकांच्या मधून गेली. धारणी-चिखलदरा इकडे, बैतूल-खंडवा तिकडे. भाषा एक, देव एक, सोयरीक एक. पण १९५९ मध्ये मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा विदर्भाला लागू झाला आणि त्याच्या मागोमाग मोहफुलांवरचे परवाने आणि निर्बंध आले. ठाण्याच्या जंगलासाठी साहेबानं काढलेली युक्ती सत्तर वर्षांनी मेळघाटात पोचली, तीही साहेब गेल्यावर!

आणि रेघेच्या पलीकडे? मध्य प्रदेशात आजही तोच १९१५ चा कायदा चालतो. आपणही एकेकाळी त्याखाली होतो. त्यात पुढे आदिवासींना घरच्यापुरती मोहाची गाळायची मुभा दिली गेली. २०२१ मध्ये तर तिथल्या सरकारनं मोहाच्या दारूला 'हेरिटेज' दर्जा देण्याची घोषणा केली. म्हणजे एकाच घरातला भाऊ पलीकडे वारसा जपतो आणि अलीकडचा भाऊ जामिनासाठी वकील शोधतो.

कोणी म्हणेल, महाराष्ट्र तत्त्वानं दारूविरोधी आहे. मग यादी बघा.

१९७३ : देशी दारूचे नियम. आजची परवानाधारक 'देशी' मुख्यतः साखर कारखान्यांच्या मळीच्या स्पिरिटपासून बनते. मोह बाहेर, मळी आत.

२००१ : द्राक्षाच्या वाइनसाठी खास धोरण.

२००७ : धान्यापासून दारूला उत्तेजन. आपल्या ज्वारीचंही नाव त्यात पुढं केलं गेलं.

२००९ : राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी, पुण्यात.

२०२१ : मोहफुलं वेचण्या-बाळगण्यावरचे निर्बंध अखेर सैल. फूल सुटलं, मडकं नाही.

२०२५ : धान्यापासूनच्या 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाच्या नव्या प्रकाराला मंजुरी.

द्राक्षवाल्याला धोरण, ऊसवाल्याला धोरण, ज्वारीच्या नावानं धोरण, शहरातल्या हौशी ब्रुअरला धोरण. मोहवाल्याला फक्त धाड.

आणि गंमत म्हणजे, कायद्यानं आजही दारू प्यायला वैयक्तिक परवाना लागतो. त्या संध्याकाळी माझ्या खिशात तो नव्हता. कोणी विचारलाही नाही. मेळघाटातल्या माणसाला मात्र विचारतात.

आता थांबा. कमेंटमध्ये मला 'दारूचा प्रचारक' म्हणायच्या आधी हे वाचा. दारूनं घरं बसतात हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, गल्लीतून कळलंय. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी झाली ती लोकांच्या चळवळीतून. चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली ती बायांच्या मोर्च्यांतून, आणि २०२१ मध्ये ती उठली तेव्हा त्या बायांना कोणी नीट विचारलं नाही. त्यांचा राग खरा आहे. आणि चोरून गाळलेल्या दारूत काय मिसळलं जातं, हे २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराच्या वर माणसं गेली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. म्हणून 'सगळं खुलं करा' असं माझं म्हणणं नाही.

माझं म्हणणं एवढंच की ठरवायचं कोणी?

उत्तर कायद्यातच आहे. १९९६ चा पेसा कायदा सांगतो की अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांवर बंदी घालायची की नियमन करायचं हा अधिकार ग्रामसभेचा, आणि गौण वनोपजाची मालकीही तिचीच. धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये त्याचे नियमही केले. ग्रामसभा काय करू शकते ते बघायचं असेल तर लांब जायला नको. आमच्या अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरनं सामूहिक वनहक्क मिळवून उजाड टेकडी हिरवी केली आणि सीताफळं विकून दाखवली.

मग मोहाचा निर्णयही तिथंच होऊ द्या. एखाद्या गावातल्या बाया म्हणाल्या 'एक थेंब नको', तर एक थेंब नको, आणि मग देशीचं दुकानही नको. एखादं गाव म्हणालं, देवाला आणि लग्नाला लागेल तेवढी आम्ही आमच्या देखरेखीत गाळू, तर तो त्यांचा निर्णय.

नाहीतर पुढचं मला दिसतंय. गोव्यात मोहाची दारू ब्रँड म्हणून बाटलीत भरून विकलीही गेली. उद्या पुण्यातल्या त्याच टेबलावर 'मेळघाट क्राफ्ट मोहा' येईल, बुटक्या ग्लासात. भाचा म्हणेल, "मामा, घ्या." चव छानच असेल. पण फूल वेचणारी बाई तेव्हाही किलोच्या भावात मजुरीच घेत असेल, आणि तिच्या घरचं मडकं पोलिसांच्या पंचनाम्यात फुटलेलं असेल.

तो घोट मात्र मला गिळवणार नाही. हॉप्स कितीही चांगले असले तरी.