हिरवा दिवा

१४ ऑगस्ट, रात्री ९.३०. उरले साडेबारा तास

बाबांना सकाळी किल्ल्यावर जायचं होतं. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रह्यांनी तेरेखोलच्या या किल्ल्यावर तिरंगा फडकावला, ती गोष्ट त्यांनी आम्हाला लहानपणापासून सांगितलेली. मी त्यांची विजेवरची खुर्ची चार्जिंगला लावली. पावसात ती सहा आठवडे पडवीत नुसती उभी होती. खिडकी उघडी ठेवली, उदबत्ती माजघरात नेली. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरते, हे ठाऊक होतं. उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट धरतं, हे मात्र डोक्यात आलं नाही.

रात्री ११.१०. उरले जवळजवळ अकरा तास

चार्जरचा दिवा हिरवा झाला. एरवी आठ तास लागत. वीज जायच्या आत भरली म्हणून मी निश्चिंत झोपलो. खरं तर सल्फेट धरलेली बॅटरी करंट आत घेतच नाही. व्होल्टेज झटकन वर चढतं आणि चार्जर समजतो, काम झालं.

सकाळी ६.४५. उरले सव्वातीन तास

चार्जर काढला आणि लगेच मल्टिमीटर लावला: २५.८ व्होल्ट. बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या, म्हणजे आकडा उत्तम. पण तो चार्जिंगनंतरचा वरवरचा फुगवटा होता, शिवाय दोघींची बेरीज. काही तास थांबून दोन्ही वेगवेगळ्या मोजायला हव्या होत्या, आणि मग लोड देऊन पुन्हा.

९.२०. उरली चाळीस मिनिटं

घरापासून सपाट रस्त्याला काही जाणवलं नाही. चढ लागला तसे हँडलवरचे पाच दिवे दोनवर आले. थांबलो, तर पुन्हा चार. "खुर्ची दमली मरे," बाबा म्हणाले. मी म्हटलं, जरा विसावा देऊ. चढावर दिवे पडतात आणि थांबल्यावर परत येतात, ही मरत्या बॅटरीची अगदी सरळ खूण. तिथूनच माघारी फिरायला हवं होतं.

९.४५. उरली पंधरा मिनिटं

खुर्ची जागीच थांबली. वीज तुटली की मोटारीचा ब्रेक आपोआप लागतो, म्हणून ती चढावर खिळल्यासारखी उभी राहिली. बाबा सुरक्षित होते. हे मी आजही स्वतःला सांगतो.

९.५५. उरली पाच मिनिटं

दोन पोरं मदतीला धावली. "ढकलूया, काका." ढकलायचं तर मागच्या चाकांजवळचा लिव्हर फिरवावा लागतो. मीच वाकून तो फिरवला. लिव्हर फिरला की ब्रेक सुटतो, आणि खुर्ची व बाबा मिळून वजन दीडशे किलोच्या आसपास. आधी चाकांमागे दगड लावायला हवे होते.

१०.००

एका पोराचा पाय शेवाळावर घसरला. खुर्ची मागे सुटली, बारा-पंधरा पावलांवरच्या चिऱ्याच्या गडग्यावर आदळली आणि कलंडली. बाबांचं खुब्याचं हाड मोडलं.

बॅटरीवाल्याने नंतर अंगठी काढून ठेवली, आधी निगेटिव्ह वायर सोडवली आणि दोन्ही बॅटऱ्या बाकावर घेतल्या. नुसत्या मोजल्या तर १२.७ आणि १२.५. लोड दिला तेव्हा पहिली ११.९ वर टिकली, दुसरी धापकन ८.६ वर आली. साडेदहाच्या खाली गेली म्हणजे रिकामीच. "एक बदलून भागायचं नाही," तो म्हणाला, "जुनी नवीला ओढते. जोडी बदला, एकाच कंपनीची, एकाच तारखेची."

नवी जोडी बसली. बाबा अजून वॉकरवर आहेत, खुर्ची पडवीतच आहे. तरी रोज रात्री मी ती चार्जिंगला लावतो, रविवारी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजतो आणि हँडलला बांधलेल्या वहीत आकडे लिहितो. परवा बाबांनी वही मागून घेतली, चष्मा लावून पानं उलटली आणि विचारलं, "चढावर मोजलंस?"

उद्या नेतो आहे, रिकामी.